आधी फोटो, मग ट्रॅक्टर

आमच्या शालकाने चोपड्यात एक जुनी प्रवासी व्हॅन विकत घेतली, तिच्यातल्या सीटा काढून तिथे पलंग, शेगडी आणि फ्रिज बसवला, टपावर सोलर पॅनल चढवले आणि ‘दाजी, आता हॉटेलचा खर्च बंद!’ अशी घोषणा केली. तेव्हापासून आमच्या घरी मोटारविम्याची पॉलिसी पोथीसारखी वाचली जाते. वाचणारा अर्थात मी एकटाच. बँकेच्या कर्जविभागात आयुष्य गेल्यामुळे बारीक अक्षर दिसले की माझा चष्मा आपोआप नाकावर चढतो. शालक मात्र केळीचा बागायतदार असल्यामुळे करपा आणि वादळ सोडून अन्य कोणतेही संकट मानत नाही.

माझे म्हणणे एवढेच होते की विम्याचा दावा बहुधा अपघाताच्या कितीतरी आधी, घरी बसून अर्ज भरतानाच बुडालेला असतो. आरसी बुकात प्रवासी गाडी आणि आत पलंग, असा प्रकार दिसला की सर्व्हेअरला, म्हणजे दाव्यातले नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, फार डोके चालवावे लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. शालकाने या बाबतीत गावातल्या वेल्डरचे मत घेतले होते आणि ते ‘काही होत नाही’ असे होते. हा वेल्डर सर्व्हेअरसमोर साक्षीला येईल का, असे मी विचारल्यावर शालक बराच वेळ केळीच्या भावाबद्दल बोलत राहिला.

अखेर गाडी आरटीओत तपासणीला गेली, आरसीवर बदल चढला, कंपनीला लेखी कळवून झाले आणि मग सामानाची यादी करण्याचा दिवस उजाडला. गाडी बनवणाऱ्या कंपनीने न दिलेली विजेची उपकरणे पुढे बसवली असतील, तर त्यांची किंमत वेगळी सांगून जादा हप्ता भरावा लागतो. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे मोटारविम्याच्या दरपत्रकात, हा दर किमतीच्या ४ टक्के होता. जे सांगितले नाही ते विम्याच्या लेखी गाडीत नसतेच. सोलरवाल्याने दिलेल्या कच्च्या पावतीवर तारीख नव्हती, रक्कम नव्हती, फक्त ‘पॅनल ओके’ असे लिहून खाली वळणदार सही ठोकलेली होती. मी शालकाला जीएसटीचे पक्के बिल आणायला परत पिटाळले. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी गाद्या, भांडी आणि भरिताची वांगी भाजायची जाळी यादीत घालण्याची सूचना केली. मोटारविमा गाडीचा आणि तिला जोडलेल्या उपकरणांचा असतो, संसाराचा नसतो, हे मी सांगितले. त्यावर, जाळी तारेने गाडीला पक्की बांधलेली आहे, असे उत्तर मिळाले. या युक्तिवादाला माझ्याजवळ अजूनही तोड नाही.

जीपचे प्रकरण निराळे होते. ही फोर बाय फोर जीप शालकाने धुळ्याच्या एका गृहस्थाकडून घेतली आणि जुन्या मालकाच्या नावाची पॉलिसी कप्प्यात टाकून तो निर्धास्त झाला. त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे आपल्या गाडीने इतरांच्या केलेल्या, नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. आपल्याच गाडीच्या नुकसानीचे येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो. ‘त्या माणसाने गाडी कुठेही आपटली नाही, त्याचं पुण्य गाडीला नको का?’ हा शालकाचा प्रश्न तात्त्विक दृष्ट्या बिनतोड असला, तरी दुसऱ्याचा बोनस स्वतःचा म्हणून दाखवणे हे दाव्यावर धोंडा पाडून घेण्यासारखे आहे. सातपुड्यात जीपगाड्यांच्या एका स्पर्धेचे आमंत्रणही त्याला आले होते. शर्यत आणि वेगचाचणी पॉलिसीत वर्ज्य असल्याचे मी दाखवले, तेव्हा मला दोन दिवस चहा मिळाला नाही.

मग पावसाळ्यात, शेतावर जाताना अनेर नदीच्या फरशी पुलावरून जीपचे चाक घसरले. गाडी कलली, बंपरपर्यंत पाण्यात बसली, दोनदा घरघरली आणि बंद पडली. शालकाचा हात किल्लीकडे गेला. ‘स्टार्टर मारू नको!’ असा मी जो आवाज काढला, त्याने काठावरच्या म्हशींनीही माना वळवल्या. इंजिनात पाणी शिरले असताना स्टार्टर मारला, तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणते आणि साधी पॉलिसी त्याचा पैसाही देत नाही. इंजिनाचे जादा संरक्षण मी भांडून घ्यायला लावले होते, पण तेवढ्यावर विसंबून नदीत प्रयोग करायचे नसतात. ‘दाजी, इतला काबर घाबरी ऱ्हायनात?’ असे म्हणत शालकाने हात मागे घेतला.

एव्हाना ट्रॅक्टर आणि साखळदंड घेऊन माणसे आली होती. मी त्यांना थांबवून नंबर प्लेटसह पुढून, मागून आणि दोन्ही अंगांनी फोटो काढले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, ‘भाऊ, गाडी काढायची आहे की फोटोच काढायचे आहेत?’

गाडी काठावर आली, कंपनीला फोन झाला. परंतु अपघातग्रस्त वाहन योग्य खबरदारीशिवाय बेवारस सोडू नये, असेही पॉलिसीत लिहिलेले आहे. शेवटी जीपच्या राखणीसाठी व्हॅन मागवावी लागली. तिच्या पलंगावर झोपण्याचा पहिला योग असा आला. सौभाग्यवती भाकरी घेऊन आल्या आणि विमा नसलेल्या त्या जाळीवर वांगी भाजली गेली.

पन्नास हजार किंवा त्याहून अधिक रकमेच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतो, तसे एक गृहस्थ आले. ‘स्टार्टर किती वेळा मारला?’ या त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला आम्ही दोघे एका सुरात ‘एकदाही नाही’ म्हणालो. दावा मंजूर झाला; मात्र रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर निम्मा घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापला गेला, आणि निम्मी बॅटरी कुठल्या दुकानात मिळते, असे शालक अजून मलाच विचारतो. पुण्याच्या विमा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते, पण त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. त्या तक्रारीचा मसुदा मी तयार ठेवला होता; तो वाया गेल्याची हळहळ मला वाटते.

आता सारंगखेड्याच्या यात्रेसाठी शालकाचा एक मित्र व्हॅन मागतो आहे. भाडे किंवा मोबदला घेऊन गाडी देणे खासगी पॉलिसीत चालत नाही, हे मी बजावले. ‘भाडं नाही दाजी, तो फक्त डिझेल टाकेल आणि दादर ज्वारीची दोन पोती घरी पाठवेल,’ असे शालक म्हणाला. ज्वारी मोबदल्यात मोडते का, हे मी एजंटला विचारले आहे, आणि तेव्हापासून त्याचा फोन सतत बिझी लागतो.