संग्रहाला स्कॅनरच्या आधी मंजूर पद द्या

मोठ्या संस्थेच्या पोटात एखादा खास संग्रह असतो. जुने नकाशे, चित्रफिती, एखाद्या शास्त्रज्ञाच्या टिपणवह्या. तो खराब झाला की आपण वाळवीला आणि ओलीला दोष देतो. माझ्या मते मूळ दुखणं आस्थापनेत, म्हणजे पदं आणि पैशांच्या व्यवस्थेत, असतं. संग्रहाला अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष नसतं, मंजूर पद नसतं, आणि सांभाळणारा माणूस कंत्राटी असतो. कंत्राट संपलं की कुठल्या खोक्यात काय आहे हे ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

पद मागायला जाताना ‘अमूल्य ठेवा’ वगैरे भाषा उपयोगाची नाही. वित्त विभागाला आकडे लागतात. शेल्फची लांबी मीटरमध्ये मोजा. नेहमीचं अभिलेख-खोकं साधारण 12 सेंटीमीटर जागा घेतं, म्हणजे मीटरला आठ खोकी. मग वेगवेगळ्या प्रकारची पाच खोकी पूर्ण लावून, यादी करून तास मोजा. समजा खोक्याला सरासरी 8 तास लागले आणि 100 मीटर माल पडून आहे, तर काम झालं 6,400 तासांचं. रजा, बैठका, वाचकांची कामं वजा जाता एका माणसाच्या हाती वर्षाला 1,500 तास उरले, तरी चार वर्षांहून जास्त झाली. दरवर्षी नव्याने येणारा माल वेगळाच. हे एका पानात मांडा.

खरेदीत तर हमखास घोळ होतो. मागणीपत्रात नुसतं ‘पुठ्ठ्याची खोकी’ लिहिलं की सर्वांत कमी दराचं दरपत्रक मंजूर होतं, आणि आम्लयुक्त पुठ्ठा कागदांना हळूहळू पिवळं करत बसतो. खरेदी विभाग नियमानेच वागलेला असतो, तपशील आपणच दिलेला नसतो. म्हणून निविदेत स्पष्ट लिहा: लिग्निनविरहित (लिग्निन म्हणजे लाकडातला, कागद पिवळा करणारा घटक), पीएच म्हणजे आम्लतेचं माप 7.5 ते 10, आम्ल शमवणारं कॅल्शियम कार्बोनेट किमान 2 टक्के. छायाचित्रांसाठी आयएसओ 18916 ची चाचणी (वेष्टनामुळे छायाचित्र खराब होतं का ते पाहणारी) उत्तीर्ण झालेलंच साहित्य. माल आल्यावर एका नमुना खोक्यावर पीएच पेनने, म्हणजे आम्लतेनुसार शाईचा रंग बदलणाऱ्या पेनने, रेघ ओढा. पिवळी उमटली तर आम्ल आहे, माल परत. मूळ कागदावर मात्र हे पेन कधीही लावू नका, डाग जात नाही.

वातानुकूलनाचंही तसंच. वीज वाचवायला इमारत विभाग संध्याकाळी यंत्रणा बंद करतो, रात्री आर्द्रता चढते, सकाळी पुन्हा खाली येते. आर्द्रता बराच काळ 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा धोका. दर अर्ध्या तासाला नोंद घेणारा डेटा लॉगर ठेवा, महिन्याचा आलेख इमारत विभागाला पाठवा आणि 60 टक्के ओलांडल्यावर रात्री कोणाला फोन करायचा ते नावानिशी लेखी ठरवून घ्या. तोंडी आश्वासन अधिकारी बदलेपर्यंतच टिकतं.

आता स्कॅनिंग. अनुदान सहज मिळतं ते यासाठीच, कारण उद्घाटन करता येतं. पण ए-फोर आकाराचं एक रंगीत पान 400 डीपीआयला (इंचाला 400 ठिपके), टिफ या फाइल प्रकारात, कॉम्प्रेशनशिवाय सुमारे 46 एमबी होतं. दहा हजार पानं म्हणजे जवळपास 460 जीबी, तीन प्रती ठेवल्या की 1.4 टीबी. त्यांची चेकसम तपासणी (फाइल बिघडली नाही ना हे पाहणं) आणि डिस्क बदलणं हा कायमचा खर्च आहे आणि अनुदान तीन वर्षांत संपतं. नियमित अर्थसंकल्पात साठवणुकीची तरतूद झाल्याशिवाय असा प्रकल्प सुरूच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे देणगी स्वीकारण्याची सही. समारंभात वरिष्ठ हो म्हणतात आणि आठवड्याने खोक्यांनी भरलेला ट्रक दारात उभा राहतो. दानपत्र नाही, कॉपीराइट कोणाचा ते माहीत नाही. यावर उपाय एका पानाचा आहे. कुठलीही देणगी स्वीकारण्याआधी अभिलेखपालाने लागणारी जागा, तास, साहित्य आणि हक्कांची स्थिती लिहून द्यावी. त्या टिपणाशिवाय प्रमुखांनीही सही करू नये, असा ठराव संस्थेच्या कार्यकारी मंडळाकडून मंजूर करून घ्यावा.