‘२५ किमी सांगितलं, अडीच किमीवर फ्लोट’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडून तुम्ही उपग्रहांवरून मोजणी करायचा सेट भाड्याने घेतला होता: एका जागी ठेवायचा बेस, हातात फिरवायचा रोव्हर, आणि बेसचं करेक्शन (दुरुस्तीचा डेटा) रोव्हरला पोचवणारा रेडिओ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की ३५ वॅटचा रेडिओ घेऊनही अडीच किमीच्या पुढे फिक्स (सेंटिमीटरपर्यंत नेमकी जागा) मिळाला नाही, फ्लोट (अंदाजे जागा) येत राहिला, अकरानंतर तर जवळही तुटत होता, आणि दोन दिवसांचे पॉइंट एकमेकांशी दीड मीटरने जुळत नाहीत. परत आलेल्या बेसमधली रॉ फाइल आणि तुम्ही टाकलेले फोटो बघून लिहितोय.

अकरानंतर फिक्स तुटला ही चूक आमची. सेट देताना बेसचं करेक्शन एमएसएम७ वर, म्हणजे जास्त तपशिलाच्या मोठ्या संदेशांवर, राहिलं होतं आणि रेडिओचा हवेतला वेग होता सेकंदाला ९६०० बिट. एवढ्या वेगात सेकंदाला जास्तीत जास्त १२०० बाइट जातात, तेही एफईसी (चुका सुधारण्यासाठीचे जादा बिट) बंद असेल तर. फाइलमध्ये सकाळी नऊला ३१ उपग्रह दिसतात. प्रत्येकी तीन सिग्नल धरले तर एमएसएम७ चा संदेश ११७० बाइटच्या आसपास होतो, म्हणजे जेमतेम मावतो. साडेअकराला उपग्रह झाले ४२ आणि संदेश गेला दीड हजाराच्या वर. उरलेला भाग पुढच्या सेकंदावर ढकलला जातो, रांग वाढत जाते, शेवटचे संदेश अर्धवट पोचतात. तुमच्या कंट्रोलरवर डिफरन्शियल एज (मिळालेलं करेक्शन किती सेकंद जुनं आहे ते) १-२ वरून ९-१० वर जात होतं ते यामुळेच. उपग्रह जास्त आणि फिक्स गायब, असा उलटा प्रकार. रेडिओवरचा टीएक्सचा (पाठवण्याचा) दिवाही तुमच्या व्हिडिओत सेकंदाला लुकलुकायचं सोडून सलग पेटलेला आहे. तो तसा दिसला की डेटा मावत नाहीये असं समजायचं.

उपाय म्हणजे बेसवर एमएसएम४, म्हणजे लहान संदेशांचा प्रकार, निवडायचं. तेवढ्याच ४२ उपग्रहांना साडेनऊशे बाइट लागतात. फेजचं (उपग्रहाच्या लहरीवरून केलेल्या मोजमापाचं) रिझोल्यूशन तिथेही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे रस्त्याच्या कामात काहीही बिघडत नाही. वेग १९२०० करा असं कुणी सुचवेल, पण त्याला २५ किलोहर्ट्झचा चॅनेल लागतो आणि आमचा परवाना १२.५ चा आहे. तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतःच फ्रिक्वेन्सी बदलून पाहिलीत, तेही कृपया नको. यूएचएफवर (हा रेडिओ ज्या लहरींवर चालतो तो पट्टा) परवान्यातल्याच फ्रिक्वेन्सीवर पाठवता येतं, आणि शेजारच्या साइटवरचा बेस त्याच चॅनेलवर निघाला तर दोघांचंही काम बंद पडतं.

आता रेंज. जाहिरातीत ‘२५ किमीपर्यंत’ लिहिलं होतं, ते काढून टाकलंय. सपाट जमिनीवरचा हिशेब असा: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं. बेसची अँटेना ४ मीटरवर, रोव्हरची २ मीटरवर असेल तर १४ किमी येतात. २५ किमी हवे असतील तर बेसची अँटेना जवळपास २२ मीटर उंच लागेल, किंवा बेस टेकडीवर. वॅट वाढवून हे गणित बदलत नाही. आणि हा हिशेब मोकळ्या माळाचा. भोरकडच्या तुमच्या साइटवर मधे डोंगराची सोंड आली की पलीकडे यूएचएफ जवळजवळ संपतो.

फोटोत मात्र रेडिओची अँटेना बोलेरोच्या बॉनेटला टेकवून ठेवलेली दिसते, जमिनीपासून मीटरभर, आणि रोव्हरच्या दिशेला गाडीचा अख्खा टप. सोबत दिलेला पाच मीटरचा पोल पिशवीतच आहे. तो उभा करून वर अँटेना लावली असती तर अलीकडच्या चढापर्यंत तरी फिक्स राहिला असता. पोलसोबतची केबल आखूड वाटली म्हणून साधी आरजी-५८ (बारीक अँटेना केबल) जोडू नका. १० मीटरमध्ये निम्म्याहून जास्त ताकद तिच्यातच जिरते.

दुसरं, वायर. आमच्या लाल-काळ्या जाड केबलऐवजी बॅटरीला बारीक दोनपदरी वायर लावलेली आहे. ३५ वॅटवर पाठवताना रेडिओ ७-८ अँपिअर ओढतो. अर्धा चौरस मिमीच्या तीन मीटर वायरीत तेवढ्यावर पावणेदोन व्होल्ट पडतात, म्हणजे बॅटरीवर १२.२ असले तरी रेडिओपाशी साडेदहा. पॅनेलवर ‘हाय’ दिसतं, पण अँटेनातून बाहेर तेवढी ताकद पडत नाही. २.५ चौरस मिमीची वायर घेतली की हीच घट पाव-अर्ध्या व्होल्टवर येते. अँटेना जोडण्याआधी मात्र रेडिओ चालू करायचा नाही, ताकद उलट फिरून आतला अँप्लिफायर जळतो. ते तुम्ही पाळलंत.

राहिला दीड मीटर. याचा रेडिओशी काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी बेस त्याच खिळ्यावर लावला, पण पहिल्या दिवसाचे कोऑर्डिनेट न भरता ‘हिअर’ दाबून सुरू केला. मग बेस स्वतःची जागा एक-दोन मीटर इकडेतिकडे धरतो आणि रोव्हर त्या चुकीच्या जागेवरून अगदी नेमका फिक्स देतो. काम वाया गेलेलं नाही. एकाच खिळ्याचे दोन्ही दिवसांचे ईस्टिंग, नॉर्दिंग (पूर्वेकडचं आणि उत्तरेकडचं अंतर) आणि उंची यांतला फरक काढा आणि दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या पॉइंटांना तोच फरक लावा.

रेडिओचं दोन्ही दिवसांचं भाडं परत करतोय, बेस-रोव्हरचं नाही. कॉर्स (कायम चालू असलेल्या बेस-केंद्रांचं जाळं) वापरू द्यायला हवं होतं असंही तुम्ही लिहिलंय. रोव्हरमध्ये सिम घालून एनट्रिपवर (इंटरनेटवरून करेक्शन घ्यायची पद्धत) ते चालतं, पण त्या खोऱ्यात मोबाइलची रेंज नाही असं बुकिंगच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून रेडिओ दिला. दोन्ही दिवसांच्या फाइल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, फरक लावून परत पाठवतो. त्याचे पैसे नाहीत.