थर्मोस्टॅट काढून फेकण्याआधी

लिक्विड कूल्ड इंजिनाच्या जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: गाडी जुनी झाली की थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल, इंजिन थंड राहील आणि जास्त टिकेल. काढायचा नसेल तर उकळत्या पाण्यात टाकून बघा, उघडला की चांगला. एरवी रेडिएटरला हात लावून पाहावं, तापमानाच्या मीटरचा काटा मध्यावर असला की निर्धास्त राहावं. महागडं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत फिरणारा द्रव, कशाला, साधं पाणी उत्तम. यात थोडं खरंही आहे, म्हणूनच तो इतका टिकला असावा.

“काढला की इंजिन थंड राहतं.” थर्मोस्टॅट ही मेणावर चालणारी झडप. इंजिन गार असताना ती बंद असते, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे जात नाही. बहुतेक मोटरसायकलींत साधारण ७१ ते ८२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आतलं मेण वितळून फुगतं, पिन ढकलतं आणि झडप उघडू लागते. नव्वद-पंचाण्णवच्या आसपास ती पूर्ण उघडते. म्हणजे गर्दीत अडकून काटा वर चढतो तेव्हा चांगल्या स्थितीतली झडप आधीच सताड उघडी असते. त्या वेळी ती जागेवर असली काय नि नसली काय, फारसा फरक पडत नाही. तिथे कस लागतो तो रेडिएटर, फॅन आणि वॉटर पंपाचा.

काही इंजिनांत तर उलटाच परिणाम होतो. तिथला थर्मोस्टॅट उघडता उघडता बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात शिरतो.

थर्मोस्टॅटची बाजू घेणारेही एक चुकीचं कारण सांगत असतात: “झडप नसेल तर कूलंट इतक्या वेगानं पळतं, की रेडिएटरमध्ये निवायला त्याला वेळच मिळत नाही.” तसं होत नाही. तेच कूलंट पुनःपुन्हा फिरत असतं. एका फेरीत ते कमी निवलं, तरी तेवढ्याच वेळात फेऱ्या जास्त होतात. प्रवाह वाढल्यानं उष्णता कमी बाहेर पडत नाही.

खरं नुकसान होतं ते थंडपणानं. झडप नसेल तर इंजिन तापायला फार वेळ लागतो आणि मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यानं पुन्हा गार पडतं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. जळण्यातून तयार झालेलं पाणीही ऑइलमधून उडून जात नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट, लोण्यासारखी साय दिसते ती अनेकदा याचीच, दर वेळी हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं नसतं.

“पण मी काढला आणि गाडी तापायची थांबली.” थांबली असेलच. तो थर्मोस्टॅट बहुधा बंद अवस्थेत अडकला असेल, आणि अडकलेल्यावर इलाज म्हणजे नवा बसवणं. शिवाय तो काढताना जुनं कूलंट ओतून टाकलं जातं, नवं भरलं जातं, आत अडकलेली हवा निघते. गुण यातल्या कशाचाही असू शकतो, श्रेय मात्र झडप काढण्याला जातं.

“उकळत्या पाण्यात उघडला म्हणजे चांगला.” एवढ्यानं फक्त पूर्ण मेलेला थर्मोस्टॅट सापडतो. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ९५ ला उघडत असेल, तर या परीक्षेत तो आरामात पास होईल. गार पाण्यापासूनच सुरुवात करावी. थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर दोन्ही दोऱ्यानं टांगावेत, भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नयेत, कारण बूड पाण्यापेक्षा तापलेलं असतं. पाणी ढवळत हळूहळू तापवावं. झडप पहिल्यांदा हलते तो आकडा टिपावा, पूर्ण उघडल्यावर ती किती उचलली तेही मोजावं. काही मॅन्युअलमध्ये ९५ अंशांना किमान ८ मिलिमीटर अशी अट असते. पाणी निवताना झडप पूर्ण मिटते का, हे बघायचं बरेच जण विसरतात. थोडी फट राहणारी झडप उकळत्या पाण्यात निर्दोषच दिसते.

“रेडिएटरला हात लावून बघा.” फॅन अचानक सुरू होतो आणि बोटं जातात, म्हणून मी तरी हे सांगणार नाही. यामागचा विचार मात्र बरोबर आहे. गार गाडी सुरू केल्यावर रेडिएटरकडे जाणारा होज (रबरी नळी) बराच वेळ गार राहायला हवा आणि झडप उघडताच झपकन गरम व्हायला हवा. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकली आहे. काटा लाल पट्ट्याकडे सरकतोय आणि होज अजून गारच, तर बंद अडकली आहे किंवा कूलंट फिरतच नाही. लगेच इंजिन बंद करावं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो काळ्या रबरी होजवर किंवा रंगवलेल्या भागावर धरावा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो.

“काटा मध्यावर म्हणजे सगळं ठीक.” जुन्या गाडीत काट्यापेक्षा वायरिंगवर जास्त संशय घ्यावा. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि त्यावर काटा चालतो. गंजलेलं अर्थिंग किंवा सैल कनेक्टर असेल तर तो कमीच दाखवतो. हेडमध्ये हवा अडकून सेन्सर कोरडा पडला तर इंजिन उकळत असतानाही काटा शांत राहू शकतो. सेन्सर काढून गरम पाण्यात धरावा आणि मल्टिमीटरवरचे आकडे मॅन्युअलशी ताडून बघावेत.

“साधं पाणी उत्तम.” उष्णता वाहून नेण्यात पाणी खरोखरच सरस आहे, हा मुद्दा मान्य. पण नुसत्या पाण्यानं ॲल्युमिनियम गंजतं, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, आणि ते उकळतंही लवकर. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक), निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि सुमारे १.१ बार दाब धरणारं रेडिएटरचं झाकण असेल, तर उकळबिंदू १२० अंशांच्या वर जातो. झाकणाची स्प्रिंग थकली असेल तर कूलंट लवकर उकळून बाहेर येतं, आणि बिचारा थर्मोस्टॅट बदनाम होतो.

नवा थर्मोस्टॅट घेताना जुन्यावर कोरलेलं तापमान जुळवून घ्यावं. मेणाची बाजू इंजिनाकडे येते. चकतीवर बारीक भोक असेल तर ते वर ठेवावं, हवा तिथूनच सुटते. कूलंट भरून हवा काढल्यावर इंजिन एकदा तापवून पूर्ण निवू द्यावं, मगच झाकण उघडून पातळी पुन्हा बघावी. बहुतेक वेळा थोडी भर घालावी लागते.