ऊन पूर्वीही होतं म्हणे!

'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का असलेला तो मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेलच. ग्लोबल वॉर्मिंगच्या नावाखाली तुम्हाला घाबरवलं जातंय, अशी सुरुवात आणि खाली मुद्द्यांची माळ. ऊन पूर्वीही एवढंच होतं. एसीमुळे माणसं नाजूक झाली, नुसत्या उन्हाने कोणी मरत नाही. नागपूरचं 56 अंश तापमान खोटं निघालं, म्हणजे सगळेच आकडे खोटे. एक ज्वालामुखी सगळ्या माणसांपेक्षा जास्त कार्बन सोडतो. खरा दोष सिमेंटचा. भारताचा कोळसा बंद पाडायचं हे परदेशी कारस्थान आहे. आणि शेवटी उपाय : खिशात कांदा ठेवा, ऊन बाधत नाही, आणि बाधलंच तर अंगावर गार पाणी अजिबात टाकू नका, मेंदूची नस फुटते.

एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण अकोल्याचे माझे मामा एकाहत्तर वर्षांचे आहेत, बीपीसाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी रोज घेतात, आणि एप्रिलच्या भर दुपारी शर्टाच्या खिशात कांदा टाकून बाजार समितीत जायला लागले. मामीने फोनवर सांगितलं तेव्हा आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. मामांचं म्हणणं, "अरे, डॉक्टरनंच लिहिलंय ते." कोणता डॉक्टर? मेसेजच्या तळाशी नाव आहे. गाव नाही, नोंदणी क्रमांक नाही.

तेव्हा क्रमाने जात नाही. तळाचे उपाय आधी घेतो.

खिशातला कांदा सालीच्या आत, साल कापडाच्या आत. तो तुमच्या अंगातली उष्णता ओढणार कसा? अंग थंड राहतं ते घामाने. घाम सुकताना कातडीची उष्णता घेऊन जातो, आणि घाम यायला अंगात पाणी लागतं, मीठ लागतं. गोळीने आधीच पाणी काढलेला म्हातारा माणूस उन्हात निघाला तर तिथेच तूट पडते. ती कांद्याने भरून निघत नाही. 'आपले पूर्वज वेडे नव्हते' असं मेसेजमध्ये ठासून लिहिलंय. नव्हतेच. त्यांच्याकडे कैरीचं पन्हं होतं, डोक्याला बांधलेला दुपट्टा होता, वाळ्याच्या ताट्या होत्या, आणि जमेल त्याने दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही अशी शिस्त होती. या सगळ्यातून फॉरवर्डवाल्याने नेमका कांदा उचलला! पन्ह्याशी माझं भांडण नाही. पाणी, गूळ, मीठ, चांगलंच आहे (बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारावं).

तरी कांदा बिचारा निरुपद्रवी. गार पाण्याचा मुद्दा मात्र माणूस मारेल, म्हणून तिथे थांबतो. उष्माघातात अंगाचं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं, माणूस बरळायला लागतो, कुणाला झटके येतात, कुणाची शुद्ध जाते. मेंदू, मूत्रपिंडं, यकृत अक्षरशः भाजत असतात, आणि ते किती वेळ भाजले यावर माणूस वाचणार की नाही हे ठरतं. म्हणून जगभरचे डॉक्टर एकच सांगतात : आधी थंड करा, मग हलवा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, ओल्या अंगावर वारा घाला, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून काखेत, मानेला, जांघेत ठेवा. हे करत असतानाच कुणीतरी 108 ला फोन लावायचा. दवाखान्यातही पहिल्यांदा हेच करतात. तरण्या, धडधाकट माणसाला तर थेट बर्फाच्या पाण्यात बुडवतात. नस फुटायच्या भीतीने घरचे लोक अर्धा तास नुसता पंखा लावून बसले, तर तो अर्धा तास परत मिळत नाही. आणि हो, शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जातं. ही खरोखर कामाची सूचना त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता 'नुसत्या उन्हाने कोणी मरत नाही'. हे वाक्य खरं वाटतं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर 'ऊन' असं फारसं लिहिलंच जात नाही. लिहितात हृदय बंद पडलं, किडनी निकामी झाली, म्हातारपण. म्हणून मोजायचं दुसऱ्या बाजूने. मे 2010 मध्ये अहमदाबादला पारा 46.8 पर्यंत गेला. नंतर अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्युनोंदी काढून त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले, कारण काहीही असो : 4,462. आधीच्या-नंतरच्या वर्षांच्या हिशेबाने व्हायला हवे होते 3,118. म्हणजे एका शहरात, एका महिन्यात, 1,344 माणसं जास्तीची गेली. या 1,344 जणांना नाजूक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण एसीत बसून कोणी उष्माघाताने जात नाही. जातो तो पत्र्याखाली राहणारा, बांधकामावरचा, बंदोबस्तातला. त्या धक्क्यानंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेशी लढायचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला.

एवढं लांब जायचं नसेल तर आपलं खारघर आठवा. 16 एप्रिल 2023, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघड्या मैदानात लाखो लोक, आणि उन्हाने 14 जण गेले. तिथलं तापमान होतं 38 च्या आसपास. आमच्या विदर्भातला माणूस 38 ला उन्हाळा म्हणतच नाही! पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, सुकत नाही. आणि सुकला नाही तर थंडावा शून्य. कुलर वापरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात वळवाची एक सर पडून गेली की तोच कुलर, तेच पाणी, आणि खोलीत नुसता चिकचिकाट.

यावरूनच 'ऊन पूर्वीही होतं' याचं उत्तर निघतं. होतं. अकोला, चंद्रपूर, नागपूर आजोबांच्या काळातही तापायचे, हे कबूल. 'बहात्तरच्या दुष्काळात काय कमी ऊन होतं?' असा सवाल मामांनीही केलाच. बहात्तरला पाऊस दगा देऊन गेला होता; एका वर्षाची ती गोष्ट वेगळी आणि वर्षानुवर्षं वर सरकत जाणारी रेघ वेगळी. शिवाय दुपारचा एक आकडा पकडून बसलं की खरा बदल निसटतो. भारतीय हवामान विभागाकडे 1901 पासूनच्या देशभरच्या तापमानाच्या सलग नोंदी आहेत. त्यात सगळ्यात तापलेलं वर्ष 2024. 1991 ते 2020 च्या सरासरीपेक्षा 0.65 अंश जास्त. 0.65 ऐकून हसू नका, ही अख्ख्या देशाची, अख्ख्या वर्षाची सरासरी आहे. आणि तिची फोड बघा : कमाल तापमान सरासरीपेक्षा 0.20 ने वर, किमान तापमान 0.90 ने. म्हणजे दिवसापेक्षा रात्री जास्त तापल्या. दिवसाच्या उन्हाला हवेतली धूळ-धूर आणि ओलिताची शेती थोडा आवर घालते. रात्री जमिनीतून निघणारी उष्णता मात्र कार्बन डायऑक्साइडसारखे हरितगृह वायू धरून ठेवतात. आजोबा गच्चीवर सतरंजी टाकून झोपायचे ते पहाटे गारवा सुटायचा म्हणून. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं. रात्रच निवली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवसाच्या थकव्यावर चढतं.

नागपूरचा 56 अंशांचा आकडा खोटा निघाला हे मात्र खरं आहे, आणि चिडचिड होत असली तरी मान्य करतो. 30 मे 2024 ला तिथल्या एका स्वयंचलित केंद्राने तसा आकडा दाखवला आणि वाहिन्यांनी तो दिवसभर चालवला. पण तो चुकीचा आहे, सेन्सर बिघडलाय, हे सांगितलं कोणी? हवामान विभागानेच. दिल्लीच्या मुंगेशपूरचं 52.9 सुद्धा तपासून त्यांनीच चुकीचं ठरवलं. ज्याला आकडे फुगवायचेत तो हातात आलेले असले आयते आकडे सोडून देईल का?

ज्वालामुखीवर फार शाई घालवत नाही. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात, कोळसा-तेल-वायू जाळून आपण 37 अब्ज टन. उलट 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा त्याच्या गंधकाच्या धुक्याने वर्ष-दीड वर्ष पृथ्वी अर्ध्या अंशाने थंड झाली होती.

राहिलं कारस्थान. यातही अर्धं खरं दडलंय म्हणून ते चटकन पटतं. गेल्या दोनशे वर्षांतल्या धुरात सगळ्यात मोठा वाटा अमेरिका-युरोपचा, आणि भारताचं दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. पैसे त्यांनी द्यावेत, कपात आधी त्यांनी करावी, हे भांडण रास्त आहे आणि आपलं सरकार ते मांडतंही. पण हिशेब कोणाचा यावरून वाद आहे म्हणून पारा खोटा ठरत नाही. देशाच्या तापमानाचा वार्षिक हिशेब जिनिव्हात होत नाही. तो पुण्यात, हवामान विभागाच्या शिवाजीनगरच्या कचेरीत होतो, रिक्षावाल्याला 'सिमला ऑफिस' म्हटलं की तो जिथे सोडतो तिथे, सरकारी पगारावर.

सिमेंटचंही तसंच. शहरं काँक्रीटने जास्त तापतात, बरोबर. पण हवामान विभागाची ती सरासरी काही फक्त शहरांची नाही, आणि समुद्रही तापतोय, तिथे कोणी सिमेंट ओतलेलं नाही. तरी दोष सिमेंटचाच म्हणत असाल, तर मामांच्या घरापासून बाजार समितीपर्यंतच्या रस्त्यावर दुतर्फा कडुलिंब होते, ते रुंदीकरणात पाडले. पाडायला परदेशातून कोणी आलं नव्हतं, आणि त्याविरुद्ध आमच्या ग्रुपवर एकही मेसेज फिरला नाही.