‘एएनसी म्हणजे आवाजाची वाट’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आणि रोखठोक आहे, त्यामुळे दोन ओळींत ‘धन्यवाद, लक्षात घेतो’ म्हणून मोकळं होणं बरं दिसणार नाही. लेखात मी लिहिलं होतं की घरासाठी आणि प्रवासासाठी मिळून एकच हेडफोन घ्यायचा असेल तर पूर्ण कान झाकणारा, बंद कपांचा नॉइज कॅन्सलिंग (एएनसी) हेडफोन घ्या, म्हणजे बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून, त्याची उलटी लहर सोडून तो कमी करणारा. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एएनसीने संगीताची वाट लागते, हा पहिला. कंपन्या ‘४० डेसिबलपर्यंत’ घटीचे आकडे छापतात, ते मी तुलनेला घेतलेच नाहीत, हा दुसरा. आणि तेवढ्याच पैशांत घरी तारेचा ओपन-बॅक (मागून उघड्या कपांचा) हेडफोन आणि प्रवासाला फोम टिप्सचे (कानात फुगून बसणाऱ्या मऊ टोकांचे) इअरफोन घेणं शहाणपणाचं, हा तिसरा. तिसऱ्यात चांगलाच दम आहे, पहिल्यात अर्धामुर्धा. दुसरा मला मुळीच पटत नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

४० डेसिबलची घट म्हणजे कानापर्यंत येणाऱ्या लहरीचा दाब शंभराव्या हिश्शावर आणायचा. त्यासाठी हेडफोनने तयार केलेली उलटी लहर मूळ लहरीशी जवळजवळ तंतोतंत जुळावी लागते. दोन्हींची ताकद अगदी सारखी धरली, तरी फेजमध्ये (लहरीच्या चढ-उताराच्या वेळेत; पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं) अर्ध्या अंशाच्या आसपासच चूक खपते. आता समजण्यापुरतं असं धरा की उलटी लहर ०.१ मिलिसेकंद उशिरा पोचली. १०० हर्ट्झच्या घरघरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे चूक झाली ३.६ अंशांची आणि घट मिळाली सुमारे २४ डेसिबल. उत्तम. तोच उशीर १००० हर्ट्झला ३६ अंशांचा होतो आणि घट जेमतेम ४ डेसिबल उरते. १६७० हर्ट्झच्या आसपास फायदा शून्य. त्याच्या वर गेलात तर उलटी लहर आवाज वाढवायला लागते आणि ५००० हर्ट्झला तो चक्क दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबल जास्त. म्हणूनच बनवणारे साधारण १ किलोहर्ट्झच्या पुढे एएनसीचा हात आखडता घेतात. तिथून पुढचं काम पॅडचं, कपाच्या प्लॅस्टिकचं आणि कपातल्या फोमचं.

तेव्हा खोक्यावरचा तो एक आकडा म्हणजे सहसा एएनसी सर्वांत चांगलं चालतं त्या खालच्या पट्ट्यातली कमाल घट, तीही पॅड चोख बसलेलं असताना. ‘पर्यंत’ हा शब्द तिथे उगाच नसतो. तुमच्या कानशिलावर चष्म्याची काडी असेल, पॅडखाली केसांची बट अडकली असेल किंवा जबड्याजवळ खोलगट जागा असेल, तर तो आकडा तुमच्यापुरता कागदावरच राहतो. दोन मॉडेलांच्या अशा आकड्यांची तुलना करून मी वाचकाला काय सांगणार होतो?

यातूनच तुमची आणखी एक तक्रार सुटते, ‘एएनसी लावलं की शेजारचं बोलणं उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं’ ही. निरीक्षण बरोबर आहे. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे आणि त्यांची ऊर्जा बरीचशी २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते. तिथे एएनसी नसल्यात जमा. एरवी पंख्याची घरघर त्या बोलण्यावर पांघरूण घालत असते, ते एएनसीने काढून घेतलं. उपाय साधा आहे: अगदी हळू आवाजात पावसाचा एकसुरी नाद किंवा वाद्यसंगीत लावा, बोलणं त्यात बुडतं. या तंत्राचा जन्मच इंजिनाच्या घरघरीसाठी झाला. अमर बोस यांना कल्पना सुचली ती १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाणाऱ्या विमानात, बोस कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला १९८९ मध्ये आणि सामान्य ग्राहकांसाठीचा हेडफोन २००० मध्ये. विमान, रेल्वे, बस, एसी, पंखा, फ्रिज यांच्यापुढे एएनसी हुशार. मिक्सर, रडणारं बाळ, दाराची घंटा यांच्यापुढे पॅडच कामाला येतं.

आता संगीताची वाट. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली जाते. पहिली, मायक्रोफोनांची बारीक सुसकारी. शांत खोलीत संगीत बंद ठेवून एएनसी लावलं तर स्वस्त मॉडेलांत ती ऐकू येते, चांगल्यांत जवळपास नाही. दुसरी, टोनमधला फरक. कपाच्या आतला मायक्रोफोन ड्रायव्हरचा (कपातल्या छोट्या स्पीकरचा) आवाजही ऐकतो, त्यामुळे एएनसी चालू-बंद केल्यावर बास बदलू शकतो. चांगल्या हेडफोनांत सॉफ्टवेअर त्याची भरपाई करतं, स्वस्तात डग्गा कधी फुगतो, कधी दबतो. तिसरी आणि सर्वांत जास्त नडणारी म्हणजे पॅडमधली गळती. ती बासही खाते आणि एएनसीही, आणि दोष मात्र एएनसीच्या माथी जातो.

तुम्ही लिहिलंय की तार लावून हेडफोन पूर्ण बंद केला तेव्हा ‘खरा आवाज’ कळला आणि तो बोदा होता. तो खरा आवाज नव्हे. असे बरेच हेडफोन आतलं इलेक्ट्रॉनिक्स चालू आहे असं धरूनच घडवलेले असतात. बंद अवस्थेत त्यांचं इक्वलायझेशनही (आवाजाचा तोल साधणारी जुळवणी) बंद पडतं, म्हणून आवाज बोदा लागतो. ती सोय बॅटरी संपल्यावरची. काही मॉडेलं तर बॅटरी संपल्यावर तारेवरही गप्प होतात, खरेदीआधी हे जरूर विचारा. तुलना करायचीच तर हेडफोन चालू ठेवा, परिचयाच्या रेकॉर्डिंगचं अर्धं मिनिट निवडा आणि एएनसी असताना-नसताना व्हॉल्यूम कानाने नीट जुळवून घ्या. थोडासा मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो आणि ही फसगत फार जुनी आहे.

एलडीएसी हा कोडेक (ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवण्याची पद्धत) नाही म्हणून एक मॉडेल तुम्ही बाद केलंत. एलडीएसीचे तीन दर आहेत: ३३०, ६६० आणि ९९० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). गर्दीच्या ठिकाणी फोन ‘ऑटो’वर खालच्या दरावर उतरतो आणि आयफोनवर एलडीएसी चालतच नाही, तिथे एएसी हा दुसरा कोडेक. पॅड गळत असताना कोडेकवर वाद घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

एएनसीचा खरा फायदा व्हॉल्यूममध्ये आहे. विमानाच्या केबिनमध्ये ८० डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. त्यावर मात करायला लोक संगीत ८५-९० वर नेतात. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं मार्गदर्शन आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला ५ तास, अख्ख्या आठवड्याचे. घरघर कमी झाली की तेच संगीत ७०-७५ वर पुरतं.

तुमच्या जोडगोळीबद्दल. घर शांत असेल, खोलीत एकटेच ऐकत असाल आणि डोक्यावर पंखा जोरात फिरत नसेल, तर ओपन-बॅक घ्याच, माझी काही हरकत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोन आजही शिफारशीत येतो आणि त्याचे पॅड, केबल, हेडबँड सुटे मिळतात, हे एएनसीवाल्या किती हेडफोनांबद्दल म्हणता येईल? तो ३०० ओमचा आहे, म्हणजे चालवायला जड, तेव्हा फोनच्या भरवशावर राहू नका, बरा डॅक-ॲम्प (हेडफोनला पुरेशी ताकद देणारं वेगळं उपकरण) धरूनच हिशेब करा. पण ओपन-बॅक दोन्ही बाजूंनी गळतो: पंखा आत येतो आणि तुमचं गाणं शेजारी झोपलेल्याच्या कानात जातं. लेख ज्यांच्या घरात शांत खोली नाही त्यांच्यासाठी होता.

फोम टिप्सची शिफारस मान्य. बॅटरीची कटकट नाही आणि वरच्या पट्ट्यात त्या बहुतेक एएनसी हेडफोनांना मागे टाकतात. मात्र त्या नीट घालाव्या लागतात: टीप बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, टीप आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट धरून ठेवा. दाबलेली टीप हळूहळू न फुगता तशीच चेपलेली राहायला लागली की बदला. स्वतःची पावलं आणि चावणं कानात धपधपतं, तार शर्टाला घासली की खरखरतं, आणि विमान चढता-उतरताना टीप सैल करावी लागते. चार-पाच तास हे सगळ्यांना सोसत नाही.

प्रवासात आणखी काही गोष्टी आड येतात. खडबडीत रस्त्यावर गाडीत दाबाचे मोठे खालचे धक्के बसतात, हेडफोनचा ड्रायव्हर ते निस्तरायला जातो आणि टकटक होते. तेव्हा एएनसीची पातळी उतरवा. वाऱ्यात बाहेरच्या मायक्रोफोनांवर भरभर होते, त्यासाठी ‘विंड’ मोड. कानात दडा बसल्यासारखं वाटतं तो प्रत्यक्ष हवेचा दाब नव्हे, पण त्रास खरा असतो. त्यालाही उपाय तोच, पातळी कमी. मानेची उशी कपाला खालून ढकलते आणि सील (पॅडची कानाभोवतीची हवाबंद बैठक) मोडतं. वजनही पाहा: सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० ग्रॅमचा, एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा. हा फरक तिसऱ्या तासाला टाळूला कळतो. एक्सएम५ घडी होत नाही, एक्सएम४ होतो. लहान बॅगवाल्याला हे कोडेकपेक्षा महत्त्वाचं.

लॅपटॉपवर ‘मीटिंग सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो’, याचा एएनसीशी संबंध नाही. हेडफोनचा माइक उघडला की जुनं ब्लूटूथ हे संगीताचं स्टिरिओ प्रोफाइल सोडून फोनवर बोलण्याच्या हँड्स-फ्री प्रोफाइलवर जातं आणि तिथे आवाज मोनो, नमुन्यांचा दर ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. मीटिंगच्या सेटिंगमध्ये इनपुटला लॅपटॉपचाच माइक निवडा, आउटपुट हेडफोन राहू द्या. आवाज परत येतो.

राहिला चष्मा. हेडफोन परत करण्याची मुदत असेपर्यंत ही चाचणी करा. पंखा पूर्ण वेगात, संगीत बंद, एएनसी चालू, चष्मा डोळ्यांवर. दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबा. घरघर आणखी कमी झाली तर सील गळतंय. काडी थोडी वर उचलून पॅडच्या वरच्या कडेजवळ आणा, हेडबँड एक खाच कमी करा, पुन्हा दाबून पाहा. फरक तसाच राहिला तर तो हेडफोन तुमच्या डोक्यासाठी नाही, परीक्षणं कितीही चांगली असोत. मखमली किंवा जाड परके पॅड लावून हे दुरुस्त करायला जाऊ नका. एएनसी मूळ पॅडच्या खोलीला आणि सीलला जुळवलेलं असतं, दुसरं पॅड लावलं की घट कमी होते किंवा कप हलताच शिट्टी वाजते. मूळ पॅडचं कातडं सोलायला लागलं की मात्र त्याच मॉडेलचे पॅड बदला आणि बसवताना कडेचे सगळे खटके लागले का ते बोट फिरवून तपासा. एक खटका सुटा राहिला तरी बास आणि एएनसी दोन्ही जातात.