"वेगळं काही करू नका" म्हणे! हूप्स डायनेस्टीवाल्यांच्या त्या मेसेजला माझं उत्तर

हूप्स डायनेस्टी हा कॉलेज बास्केटबॉलचा ऑनलाइन गेम खेळायला लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला कोणीतरी हा सल्ला फॉरवर्ड करतंच. थोडक्यात असा: "मॅन-टू-मॅन डिफेन्स, मोशन ऑफेन्स, एक उंच तगडा सेंटर, बाराच्या बारा स्कॉलरशिप भरलेल्या. झोन आळशी लोकांसाठी, प्रेसने पोरं दमतात, फ्रेशमन घेऊन कोणी जिंकत नाही, आणि खऱ्या कॉलेज बास्केटबॉलमधेही असल्या नाटकांनी काही होत नाही. वेगळं करून बघायचंय? एक सीझन करा, कळेल."

(मॅन-टू-मॅन म्हणजे प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, झोन म्हणजे माणूस नाही तर आपापली जागा राखायची, प्रेस म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर जायचं. मोशन म्हणजे सतत हलत, पास देत हल्ला. स्कॉलरशिप म्हणजे टीममधली एक जागा, फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा पोरगा.) मी पण सुरुवातीला हेच मुकाट्याने केलं. आता नाही करत, का ते सांगतो.

ज्यांनी गेम बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही अमेरिकेतल्या एका कॉलेजचे कोच, सुरुवात डिव्हिजन ३ (सगळ्यात खालचा गट) पासून, समोरचे बरेच कोच तुमच्यासारखीच हाडामांसाची माणसं. मॅच इंजिन खेळवतं. तुम्ही फक्त पोरं हेरायची, प्रॅक्टिसची मिनिटं वाटायची, लाइनअप लावायचा आणि सकाळी चहा घेता घेता स्कोअर बघून कपाळाला हात लावायचा.

आता शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण तोच सगळ्यात पोकळ आहे, "खऱ्या बास्केटबॉलमधे नाटकं चालत नाहीत". अहो, १९९४ ची अर्कान्सॉ आठवा. कोच नोलन रिचर्डसनची पोरं अख्ख्या कोर्टभर प्रेस करत अंगावर यायची, त्याला नावच पडलं होतं फॉर्टी मिनिट्स ऑफ हेल, आणि कॉलेजांच्या राष्ट्रीय फायनलमधे त्यांनी ड्यूकला ७६-७२ ने हरवलं. ड्यूकला, कोणा ऐऱ्यागैऱ्याला नाही. मग १९९६, प्रिन्स्टन. पीट कॅरिल हा म्हातारा कोच, टीम आयव्ही लीगची, म्हणजे तिथे खेळाची स्कॉलरशिप हा प्रकारच नाही, आणि समोर आदल्या वर्षीचे चॅम्पियन युसीएलए. प्रिन्स्टनने शांतपणे बॉल फिरवत बसायचं, डिफेंडर कंटाळून एक पाऊल पुढे आला की त्याच्या पाठीमागून कट मारायचा, बस्स एवढंच करायचं. स्कोअर ४३-४१, आणि निर्णायक बास्केट पण तशाच पाठीमागच्या कटवर.

यामागचं गणित अवघड नाहीये. मॅचमधे पझेशन (बॉल एका टीमच्या हातात असण्याची एक खेप) जितकी कमी तितका नशिबाला वाव जास्त. टीम कमकुवत असेल तर तुम्हाला हेच हवं असतं, साठ-सत्तर पझेशनमधे तगडी टीम बहुतेक वेळा तगडीच ठरणार, ती पन्नासवर आणा आणि मग बघा. गेममधे टेंपो स्लो करायला एक क्लिक लागतं, तरी डिव्हिजन ३ मधली निम्मे दुबळ्या टीमचे कोच अपटेंपो (वेगवान खेळ) लावून बसलेले असतात कारण धावपळीत मजा येते म्हणे. मजा येते, खरंय, समोरच्याला.

मेसेजवाले ग्रिनेलचं नाव काढून हसतात. आयोवातलं छोटं डिव्हिजन ३ चं कॉलेज, २०१२ मधे त्यांच्या जॅक टेलरने एका मॅचमधे १३८ पॉइंट केले, त्यासाठी १०८ शॉट घेतले (सगळे गेले नाहीत), त्यातले ७१ थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे. सर्कस होती, मान्य. पण कोच डेव्हिड आर्सेनो तिथे आला तेव्हा टीम वर्षानुवर्षं हरत होती, बेंचवरच्या पोरांना बॉल दिसत नव्हता, त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे पाच-पाच जणांच्या तुकड्या. एक तुकडी जीव तोडून पळणार, मिनिटभरात बाहेर, दुसरी आत. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, खो-खोत संरक्षणाला तीन-तीनची तुकडी उतरतेच की.

यावरूनच प्रेसकडे येतो. "प्रेसने पोरं दमतात" हे खरं आहे, इथे मेसेज चुकत नाही. फाउल पण होतात, स्टॅमिना कमी असेल तर सेकंड हाफमधे टीम अक्षरशः झोपते. पण दमणारी टीम कुठली असते? सात जण खेळवणारी. प्रेस लावायचा आणि आवडत्या पाच जणांना तीस-तीस मिनिटं ठेवायचं हे म्हणजे रिक्षात आठ माणसं बसवून चढावर शिव्या घालणं. दहा-अकरा पोरं खेळण्यालायक हवीत, प्लेयर थोडा दमला की लगेच बाहेर असं सेटिंग हवं, आणि रिक्रूट करताना पेरिमीटर (लांबून) शूटिंगपेक्षा ॲथलेटिसिझम, स्पीड, डिफेन्स, स्टॅमिना हे बघायचं. म्हणजे प्रेसला बाराच्या बारा स्कॉलरशिप लागतात, इतकाच त्यांचा मुद्दा बरोबर.

झोनला लागत नाहीत! आणि हे कोणी सांगतच नाही. झोनमधे पोरं कमी दमतात, फाउल कमी, नऊ जणांत आरामात भागतं. मग उरलेल्या तीन जागांचं काय? इथेच खरी गंमत आहे. रिक्रूटिंगचं बजेट तुम्हाला रिकाम्या जागांच्या हिशोबाने मिळतं. पाच जागा रिकाम्या असतील तर पाचांचं बजेट, पण पाचही भरायच्याच असा नियम कुठेय? ते सगळं तीन चांगल्या पोरांवर ओता, दोन जागी वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय आलेली पोरं) येऊन बसतील, त्यांना खेळवायचंच नाहीये. समोरचा तेच पैसे पाच जणांत वाटतोय, त्यातले दोन असेच भरतीचे, आणि जो एक चांगला पोरगा तुम्हा दोघांना हवाय त्याच्यासाठी तुमच्याकडे जास्त मसाला. वॉक-ऑन म्हणजे रिक्रूटिंग फसलं असं समजणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तुमचा बारावा प्लेयर शेवटचा कोर्टवर कधी दिसला होता?

आणि झोन आळशी? सिरॅक्यूजचा कोच जिम बोहाइम वर्षानुवर्षं २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन) खेळवत बसला, २००३ ला चॅम्पियन झाला, फायनल कॅन्ससविरुद्ध ८१-७८. शेवटच्या क्षणी कॅन्ससच्या पोराला कोपऱ्यात मोकळा थ्री मिळाला होता, हकीम वॉरिक आतून धावत आला आणि तो ब्लॉक केला. लांब हातांचे फॉरवर्ड असले की झोन काय करू शकतो ते त्या एका ब्लॉकमधे दिसतं. शिवाय त्याच टीममधे कार्मेलो अँथनी आणि जेरी मॅकनमारा दोघंही फ्रेशमन, म्हणजे "फ्रेशमन घेऊन जिंकत नाही" पण तिथेच निकालात निघालं. मिशिगनची ती प्रसिद्ध पाच फ्रेशमनची टीम १९९२ च्या फायनलला गेली, हरली ती, पण गेली ना राव.

गेममधे मात्र फ्रेशमनबद्दल मी थोडा सबुरीनेच घेतो, कारण इथे प्रत्येक पोराला ऑफेन्सचा आणि डिफेन्सचा वेगळा आयक्यू ग्रेड (त्या सिस्टिमची समज) असतो आणि तो त्याच्या शाळेत जे शिकवलं त्यावर ठरलेला असतो. मोशन शिकून आलेला पोरगा तुमच्या ट्रँगल ऑफेन्समधे पहिलं वर्ष गोंधळलेलाच असणार.

उंच सेंटरचं घ्या. इंजिनला उंची दिसत नाही, रेटिंग दिसतं. सहा फूट पाच इंचाचा स्मॉल फॉरवर्ड, रिबाउंडिंग (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) सत्तर, त्याला पॉवर फॉरवर्डला, म्हणजे आतल्या तगड्या माणसाच्या जागी, खेळवा, काही बिघडत नाही. मी चार गार्डवाला (बाहेरून खेळणारे, कमी उंचीचे) लाइनअप पहिल्यांदा लावला तेव्हा रिबाउंडमधे अशी धुलाई झाली की बघवत नव्हतं, कारण मी नुसते शूटर भरले होते. दुसऱ्या खेपेला रिबाउंडिंग बघून घेतले. आणि हे असले "ना इकडचे ना तिकडचे" प्लेयर स्वस्तात मिळतात! सगळे बाजारात हापूसच्या पेटीभोवती झोंबत असतात, तोवर मी दोन पेट्या पायरी घेऊन घरी. २०१८ ला व्हिलानोव्हाचा सेंटर पण थ्री मारायचा, सेमीफायनलला कॅन्ससवर १८ थ्री पडले, फायनल फोरचा (शेवटच्या चार टीमच्या टप्प्याचा) रेकॉर्ड होता तो.

राहिलं ते "एक सीझन करा, कळेल". काय कळणार एका सीझनमधे? डिफेन्स बदलला की अख्ख्या टीमचा आयक्यू तळापासून सुरू, तो वर यायला सीझन जातात, जुन्या सिस्टिमसाठी घेतलेली पोरं अजून रोस्टरवर, आणि पहिल्या वर्षी आठ मॅच जिंकून माणूस म्हणतो बघा झोन चालत नाही. मी मॅन-टू-मॅनवरून झोनवर आलो तेव्हा पहिले दोन सीझन इतके वाईट गेले की बायको म्हणाली पैसे देऊन हरायचं असेल तर मला दे. तिसऱ्यात पोस्टसीझन (सीझननंतरची स्पर्धा), चौथ्यात कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटाचं टायटल, तेव्हा पहिल्या वर्षी घेतलेली पोरं सिनियर (शेवटच्या वर्षाला) झाली होती.

आता तीच सगळी जातायत. सहा जागा रिकाम्या, मी चार घेणार, दोन वॉक-ऑन. एका फॉरवर्डवर डोळा आहे, सहा फूट चार, लो पोस्ट (बास्केटजवळून स्कोअर करणं) काहीच नाही, पण रिबाउंडिंग आणि डिफेन्स अफाट, अजून तरी त्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलेलं नाही. नाव नाही सांगणार.