कोस म्हणजे कुणाचा कोस?

इतिहासाच्या ग्रुपवर हल्ली एक प्रकार वारंवार दिसतो. बखरीत किंवा एखाद्या जुन्या पत्रात 'बारा कोस' सापडले की कुणीतरी लगेच तीनने गुणतं, किलोमीटर काढतं आणि नकाशाशी आकडा जुळला नाही की 'लिहिणाऱ्याने थापा मारल्यात' म्हणून मोकळं होतं. मला हे फार खटकतं. लिहिणारा बहुतेक वेळा ती वाट स्वतः तुडवून आलेला असायचा. त्याला खोटं ठरवण्याआधी त्याचा कोस कोणता, एवढं तरी बघा!

भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) सरळ कोष्टकच दिलंय. २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २,००० दंडांचा क्रोश. म्हणजे ८,००० हात. हात दीड फुटाचा धरला तर साडेतीन किलोमीटरच्या थोडं वर. पण हात चार बोटं लांब-आखूड झाला की कोस अर्ध्या किलोमीटरहून जास्त सरकतो.

अकबराच्या काळात अबुल फजलने आईन-ए-अकबरीत लिहिलेला कोस ५,००० इलाही गजांचा. हा गज इंग्रजांनी पुढे ३३ इंचांचा ठरवला. त्या हिशेबाने कोस चार किलोमीटरच्याही वर जातो. जहांगीरने आग्रा-लाहोर रस्त्यावर कोसाकोसाला मिनार बांधवले. त्यातले बरेच आजही हरियाणात उभे आहेत, एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. आपल्याकडे मात्र ढोबळ हिशेब दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरचा.

आता पानिपतच्या मोहिमेतली पत्रं वाचा. दख्खनमधून गेलेला कारकून, पायाखाली बादशाही सडक, बाजूला कोसमिनार. तो 'बारा कोस' लिहितो तेव्हा घरचे मोजतो की तिथले? घरचे असतील तर अडतीस-एकोणचाळीस किलोमीटर, तिथले असतील तर पन्नास. बाजारबुणगे, बैल, तोफा घेऊन चालणाऱ्या लष्कराला वरचे अकरा-बारा किलोमीटर म्हणजे जवळपास आख्खी मजल. हे ठरवल्याशिवाय कोण कुठे कधी पोचलं असेल यावर वाद घालण्यात काय अर्थ आहे?

अबुल फजलचीच आणखी एक नोंद मला फार आवडते. गुजरातेत गाईचं हंबरणं जिथवर ऐकू जाईल तेवढा कोस. बंगालात एका दमात धावता येईल तेवढा. आणि काहींच्या मते डोक्यावर हिरवं पान ठेवून चालायला लागावं, पान वाळेल तिथे कोस पुरा. पान वाळणार ते उन्हावर, वाऱ्यावर. चैत्रातला कोस निराळा, श्रावणातला निराळा. आणि आपल्या कोकणात आषाढात ते पान वाळायचंच नाही!

हे अडाणीपणाचं मोजमाप होतं असं मला मुळीच वाटत नाही. चालणाऱ्याला अंतर हवं असतं ते पुढच्या पाण्यापर्यंत, अंधार पडायच्या आत गाठायच्या गावापर्यंत. घाट चढताना तेच अंतर जास्त भरतं हे सह्याद्रीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. 'वर जाताना दोन कोस, येताना दीड' असं कुणी म्हणालं तर तो हिशेब चुकलेला नसतो, त्यात चढ धरलेला असतो. महसूल गोळा करायला, तोफा न्यायला एकसारखा कोस लागला म्हणून बादशहांनी तो बांधून घेतला. ती गरज खरीच होती, पण ती गावातल्या माणसाची नव्हती.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, गावात कोसाने बोलणारं कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचारा, 'आपल्या गावापासून अमक्या गावापर्यंत किती कोस?' दोन्ही गावांची नावं आणि जुनी पायवाट कुठून जायची ते खाली लिहा. डांबरी रस्त्याचं अंतर नको, तो वळसा घालून जातो. तालुकावार अशा दहा-वीस नोंदी जमल्या तर त्या भागातली पत्रं वाचताना निदान तिथला कोस तरी हाताशी असेल.